कवटीची पट्टी: अँटिबायोटिकवाल्या सिमेंटला किती पैसे मोजावेत?

अपघातात मेंदूला सूज आली की जीव वाचवण्यासाठी कवटीचा तुकडा काढावा लागतो. काही महिन्यांनी हाड किंवा पट्टी बसवून तो खड्डा बुजवतात, ती क्रेनिओप्लास्टी. आमच्या देऊळगाव राजाहून जालना तीसेक किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर नव्वदेक. बहुतेक पेशंट तिकडेच जातात. पहिल्याच ऑपरेशनने घर खिळखिळं झालेलं असतं आणि आता अंदाजपत्रकात 'अँटिबायोटिक सिमेंट' दिसतं.

पोटाच्या कातडीखाली किंवा फ्रीजरमध्ये जपलेलं स्वतःचं हाड चांगलं असेल, तर पट्टीचा खर्चच नाही. नसेल तर बोन सिमेंट सर्वांत स्वस्त, काही हजारांत भागतं. टायटॅनियमची जाळी त्याहून महाग. पेशंटच्या सीटी स्कॅनवरून बनवलेली 'पीक' प्लास्टिकची पट्टी लाखाच्या घरात जाते.

सिमेंटमध्ये औषध मिसळण्याची सुरुवात 1970च्या सुमारास जर्मनीत, खुब्याच्या सांध्यांसाठी झाली. 40 ग्रॅमच्या पाकिटात साधारण अर्धा ते एक ग्रॅम जेंटामायसिन असतं. सिमेंट घट्ट होताना चांगलंच तापतं, म्हणून उष्णता सोसणारंच औषध लागतं. त्यातलं बरंचसं पहिल्या काही दिवसांत झिरपतं, पुढे अगदी थोडं. सांध्यांबाबत या सिमेंटचा अनुभव मोठा आहे, कवटीबाबत पुरावा तोकडा. तरीही जंतुसंसर्ग झाला तर पट्टी काढून महिनोन्महिने थांबावं लागतं आणि सगळा खर्च पुन्हा होतो. म्हणून सिमेंटच बसवायचं ठरलं असेल, तर साध्या पाकिटापेक्षा थोडे जास्त पैसे द्यायला माझी हरकत नाही. मात्र या एका कारणासाठी जमीन गहाण टाकू नका. साखर आटोक्यात आणणं, तंबाखू-विडी सोडणं, टाळूवरची जखम पूर्ण भरू देणं हे बिनपैशाचे उपाय आधी करा. जेंटामायसिनची अ‍ॅलर्जी असेल तर ती डॉक्टरांना सांगा.

पैसे भरण्याआधी रुग्णालयातल्या सरकारी योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, चौकशी 155388 या क्रमांकावर करा. आपली पट्टी पॅकेजमध्ये बसते का, औषधी सिमेंटचा फरक कोण भरणार, हे लेखी घ्या. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातही विचारा. धर्मादाय रुग्णालय असेल तर उत्पन्नाचा दाखला न्या. तिथे दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात.

स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्यांना 2017 साली कमाल किंमत ठरवून दिली गेली, कवटीच्या पट्टीला तशी मर्यादा नाही. त्यामुळे पाकिटावरची एमआरपी स्वतः पाहा, दोन ठिकाणी भाव विचारा. पट्टीचा स्टिकर आणि पक्कं बिल फाइलमध्ये लावून घ्या. टाळू लाल झाली, पाणी झिरपलं किंवा ताप आला, तर सहा महिन्यांनंतरही त्याच सर्जनकडे तीच फाइल घेऊन जा.