धडा : मांसासाठी कोंबडीची कोणती जात पाळावी?

घरामागे थोडी जागा आहे, वीस-पंचवीस कोंबड्या पाळाव्यात, घरचे चिकन घरात होईल आणि चार पैसेही मिळतील, असा विचार अनेक कुटुंबे करतात. विचार चांगला आहे. मात्र जात निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “कोणत्या कोंबडीला भाव जास्त?” बचतीतून पैसे घालणाऱ्याने त्याआधी तीन प्रश्न विचारावेत : पैसे किती आठवडे अडकतील? एक किलो वजनामागे खर्च किती येईल? आणि तयार पक्षी घेणार कोण?

या प्रश्नांच्या आधारे तीन प्रकार पाहू.

१. ब्रॉयलर
सहा आठवड्यांत सुमारे दोन किलोचा होतो आणि तेवढ्यात साधारण साडेतीन किलो खाद्य खातो. पैसा सर्वांत लवकर मोकळा होतो. पण खाद्य सगळे विकतचे लागते, उन्हाळा सोसत नाही आणि परसात चरून पोट भरणारा हा पक्षी नाही. शिवाय सगळे पक्षी एकदमच तयार होतात. पंचवीसच्या आसपास तयार पक्षी रोज चार किलोहून जास्त खाद्य संपवतात, म्हणून चांगल्या भावाची वाट पाहत थांबणे महाग पडते.

२. सुधारित देशी
हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची वनराजा आणि बंगळुरूची गिरीराजा या परसासाठी तयार केलेल्या जाती आहेत. वनराजाचा नर बारा आठवड्यांत सव्वा ते दीड किलो भरतो. पहिले पाच-सहा आठवडे ऊब आणि पूर्ण खाद्य द्यावे लागते. पुढे किडे, गवत, सांडलेले धान्य आणि स्वयंपाकघरातले उरलेसुरले यावर बराच भार निघतो. एक गोष्ट विसरू नका : ही संकरित जात आहे. घरच्या अंड्यांतून काढलेल्या पिल्लांत आईबापांची वाढ टिकत नाही. म्हणून दर खेपेला पिल्लांचा खर्च धरावाच लागतो.

३. मूळ देशी
कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा. २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. काळे मांस आणि मोठे नाव, पण वाढ सावकाश : एक किलो व्हायला पाच महिने लागतात. असील अंगाने मोठा, पूर्ण वाढलेला नर तीन-चार किलोचा. पण त्यालाही वेळ लागतो आणि नर एकमेकांशी झुंजतात, त्यामुळे वेगळे ठेवावे लागतात. या शुद्ध जातींची पिल्ले मात्र तुम्ही घरी वाढवू शकता.

हिशेब करून पाहू
समजा, २५ पिल्ले आणली आणि २ दगावली. विकायला २३ राहिली. खालचे दर हिशेब समजण्यापुरते धरले आहेत. तुमच्या गावचे दर घालून पुन्हा मांडा. ‘इतर’मध्ये लस, भाताचे तूस आणि विजेचा दिवा आले.

ब्रॉयलर (६ आठवडे) : पिल्ले १,००० + खाद्य ३,२०० + इतर ५०० = ४,७०० रुपये. वजन ४६ किलो. किलोमागे खर्च सुमारे १०२ रुपये.

वनराजा (१२ आठवडे) : पिल्ले १,००० + खाद्य २,४०० + इतर ५०० = ३,९०० रुपये. वजन ३० किलो. किलोमागे १३० रुपये.

कडकनाथ (२० आठवडे) : पिल्ले २,००० + खाद्य ३,४५० + इतर ७५० = ६,२०० रुपये. वजन २३ किलो. किलोमागे सुमारे २७० रुपये.

दगावलेल्या पिल्लांचा खर्च उरलेल्यांवर पडतो, हे ध्यानात घ्या. मानमोडीच्या लशीवर वाचवलेले थोडे रुपये पुढे सगळी खेप घेऊन जाऊ शकतात.

हा खर्च जिवंत वजनाचा आहे. साफ केल्यावर ब्रॉयलरचे सुमारे सत्तर टक्केच मांस हाती येते. म्हणजे १०२ रुपयांचा किलो ताटात येईपर्यंत १४६ रुपयांचा होतो. दुकानातल्या साफ केलेल्या चिकनच्या भावाशी हाच आकडा ताडून पाहा.

आता कडकनाथकडे वळा. गावात कोणी किलोला ५०० रुपये देणारा असेल, तर नफा चांगलाच आहे. पण व्यापाऱ्याने “आमच्याकडे याला वेगळा भाव नाही” म्हणत २०० रुपये दिले, तर पाच महिने सांभाळून किलोमागे ७० रुपये तोटा. पक्षी तोच, गिऱ्हाईक असण्या-नसण्याचा फरक.

विक्रीचा दिवस आधी ठरवा
श्रावणात आणि नवरात्रात मागणी घटते. श्रावणाच्या तोंडावर आणि होळी-धुळवडीला वाढते. विक्रीच्या दिवसापासून मागे सहा किंवा बारा आठवडे मोजा आणि त्या सुमारास पिल्ले आणा. इंदूर, भोपाळ किंवा वाराणसीकडे राहत असाल तर घरच्या पंचांगावर विसंबू नका : उत्तरेकडे श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो.

“पक्षी आम्हीच परत घेऊ”
पैसे भरा, पिल्ले आम्ही देऊ, तयार पक्षी आणि अंडी चढ्या भावाने आम्हीच घेऊ, अशी योजना कोणी आणली तर सावध व्हा. २०१२ साली तमिळनाडूत पेरुंदुराई भागात इमूच्या नावाने आणि २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाने हेच घडले. खरेदी थांबली आणि लोकांची बचत अडकली. अशा योजनेत पक्ष्याला बाहेर गिऱ्हाईक आहे का, हे कोणी पाहत नाही. भाव ठरवणारा आणि घेणारा एकच असतो. तो थांबला की भावही संपतो. पक्ष्यांची भूक मात्र थांबत नाही.

पैसा कुठून आणावा?
पहिली खेप बचतीतूनच आणि लहान करा. अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रकमेला हात लावू नका. महागडे पिंजरे नकोत. कुत्रा-मुंगूस शिरणार नाही असे कोरडे, हवेशीर खुराडे पुरते. विक्रीचे पैसे आले की पुढच्या पिल्लांची आणि खाद्याची रक्कम आधी खात्यात बाजूला टाका. उरेल तोच नफा. दोन-तीन खेपांचा लिहिलेला हिशेब हाती आल्यावर वाढवायचे वाटले, तर बँकेत चौकशी करा. किसान क्रेडिट कार्डाची सोय आता कुक्कुटपालनाच्या खेळत्या भांडवलासाठीही आहे. तुमची हिशेबाची वही तेव्हा उपयोगी पडेल.

सर्वसाधारणपणे, खाद्य आणि गिऱ्हाईक दोन्ही जवळ असतील आणि रोज वेळ देता येत असेल तर ब्रॉयलर. परस मोकळा असेल आणि भावासाठी थोडे थांबायचे असेल तर वनराजा-गिरीराजा. आणि भाव देणारी माणसे नावानिशी माहीत असतील तरच कडकनाथ.

स्वाध्याय
पिल्ले आणण्याआधी वहीत लिहा :
१. तुमच्या गावात पिल्लाचा आणि खाद्याचा आजचा दर.
२. वरच्या पद्धतीने काढलेला किलोमागचा खर्च.
३. पक्षी घेतील अशा पाच घरांची किंवा दुकानांची नावे आणि त्यांनी सांगितलेला भाव.
४. सगळी खेप दगावली तर किती रुपये जातील, आणि तेवढे गेले तरी घरखर्च चालेल का?

तिसरी ओळ रिकामी राहिली, तर पिल्ले आणायची वेळ अजून आलेली नाही.