राउटर माळ्यावर ठेवू नका

आमच्या गोतावळ्यात कुणाचंही नेट गेलं की फोन मला येतो. माझं शिक्षण मराठी साहित्याचं. पण खोक्यातली माहितीपुस्तिका वाचण्याची सवय घरात मला एकटीलाच आहे, आणि तेवढ्या भांडवलावर ठाण्यातला आमचा फ्लॅट, चिपळूणजवळचं आईबाबांचं घर आणि दोघी आत्यांची बिऱ्हाडं यांची उस्तवार माझ्याकडे आली. त्यातून जमलेल्या या चार गोष्टी. (चारपेक्षा जास्त आहेत, पण बोलायची पद्धत तशी.)

१. राउटर कुठे बसवायचा, हे केबलवाल्याला ठरवू देऊ नका

फायबर जोडायला येणारा मुलगा घाईत असतो. त्याची केबल जिथे कमीत कमी लागेल तिथे तो भोक पाडतो आणि दाराशेजारी, चपलांच्या कपाटावर नाहीतर माळ्यावर डबा टांगून जातो. पुढची काही वर्षं घर त्याच्या त्या घाईवर चालतं. त्याला आधीच सांगावं, ‘दादा, दहा मीटर केबल जास्त सोड.’ मग डबा घराच्या मधल्या खोलीत, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर बसवून घ्यावा. लोखंडी कपाट, फ्रिज, मोठा आरसा आणि पाण्याची टाकी यांच्याआड वायफाय दबतं.

आईबाबांचं घर जांभ्या चिऱ्याचं. भिंती फूटभराच्या वर जाड. राउटरच्या दोन लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झची लांब पोचते पण वेग कमी, आणि ५ गिगाहर्ट्झची वेगवान पण भिंतीशी दमते. माजघरात राउटर असताना पडवीत बाबांचं कीर्तन अडायचं ते यामुळे. तिथे रिपीटर लावायचा झाला तर पडवीत लावून उपयोग नसतो. जे नेट तिथे पोचतच नाही ते तो पुढे काय पाठवणार? शेवटचं बरं नेट जिथे मिळतं तिथे तो लावायचा. त्याहून चांगलं म्हणजे भिंतीतून साधी लॅनची वायर नेऊन पलीकडे दुसरा राउटर जोडायचा. आम्ही तेच केलं. पत्र्याखालून गेलेली ती वायर दिसायला वाईट आहे, पण कीर्तन अडत नाही.

२. स्मार्ट बल्ब मराठी घरात चालत नाही

स्वस्तातले बहुतेक स्मार्ट बल्ब, प्लग आणि कॅमेरे फक्त २.४ वरच जोडले जातात. राउटर दोन्ही लहरी एकाच नावाखाली देत असला की कधीकधी बल्ब जोडलाच जात नाही. तेव्हा राउटरच्या सेटिंगमध्ये ५ तात्पुरतं बंद करायचं, बल्ब जोडायचा आणि पुन्हा चालू करायचं. एवढं सगळं जमतं. जमत नाही ते हे, की खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करायचं, ही आपल्याकडची पिढीजात शिस्त आहे. बटण बंद झालं की बल्बाचा स्मार्टपणा संपला. आईला बटण चालू ठेवायला सांगणं म्हणजे तिला नळ उघडा ठेवायला सांगणं.

स्मार्ट प्लग मात्र उपयोगाचा, पण त्यावरचा अँपिअरचा आकडा वाचून घ्या. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. सहा अँपिअरच्या प्लगवर गीझर लावणं म्हणजे आग लावायची तयारी. त्याला १६ अँपिअरचाच प्लग हवा.

३. लाइट जाणार, हे धरूनच चाला

राउटर साधारणपणे १२ व्होल्टवर चालतो. त्याच्यासाठी हातात मावणारा छोटा यूपीएस मिळतो आणि घरचा इन्व्हर्टर नसला तरी तो राउटर काही तास चालवतो. घेताना राउटरच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर त्याच्याशी जुळतात का ते बघा. अर्थात रस्त्यावरच्या कंपनीच्या पेटीतला लाइट गेला, तर तुमचा यूपीएस बिचारा एकटाच जागा राहतो.

कोकणात वळवाचा आणि परतीचा पाऊस गडगडाट घेऊन येतो. आभाळ काळं झालं की टीव्ही, राउटर आणि सेट-टॉप बॉक्सचे प्लग भिंतीतून काढायचे, छत्रीवरून आलेली तारही सोडवायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. सर्ज प्रोटेक्टर चांगला, पण अर्थिंग नसेल तर तो अर्ध्या कामाचा. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक पुष्कळदा शोभेपुरतं असतं. महागडा टीव्ही घेण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

४. जो वापरणार, त्याच्याच हातून जोडून घ्या

बाबांचा नवा टीव्ही माझ्या भाच्याने पाच मिनिटांत लावून दिला. खाती स्वतःची, भाषा इंग्रजी, रिमोट तीन. तो गेला आणि बाबांना सह्याद्री वाहिनी लावता येईना. फोनवर विचारलं तर म्हणाला, ‘आजोबा, इनपुटवर जा ना.’ बाबांनी विचारलं, ‘कुठून जाऊ?’

पुढच्या खेपेस मी सगळं पुसून टाकलं आणि हात मागे बांधून शेजारी बसले. बटणं बाबांनी दाबली. मेनू मराठीत केला तेव्हा त्यातले काही शब्द इंग्रजीहून अवघड निघाले, म्हणून तो पुन्हा इंग्रजीत आणला. अक्षर मोठं केलं. मग सीईसी शोधलं. हे फार उपयोगाचं आहे आणि कुणी सांगत नाही. एचडीएमआय वायरीतून एक उपकरण दुसऱ्याला हुकूम देऊ शकतं, आणि त्या सोयीचं नाव सीईसी. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, म्हणून ती सापडत नाही. ती चालू केल्यावर टीव्हीच्या रिमोटने साउंडबारचा आवाज कमीजास्त होतो. त्यासाठी साउंडबारची वायर टीव्हीच्या ज्या खाचेवर ‘एआरसी’ लिहिलंय तिथेच लावायची. दोन रिमोट त्या दिवशी खणात गेले.

दुपार गेली या सगळ्यात. बाबा मध्येच उठून चहा घेऊन आले, दोनदा तीच चूक करून हसले. शेवटी त्यांनी पंचांगाच्या मागच्या पानावर स्वतःच्या अक्षरात पायऱ्या लिहिल्या: ‘लाल बटण. थांबणे. घराचे चित्र. उजवीकडे दोन.’ मी छापून दिलेला कागद त्यांनी कधी पाहिला नाही. ते पान मात्र रिमोटसोबत असतं.

५. आईसाठी सर्वांत उपयोगाची वस्तू फुकट निघाली

ती म्हणजे फोनच्या कीबोर्डवरचा माइक. जीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडली की बोललेलं देवनागरीत उमटतं. आईला बारीक अक्षरांवर बोट टेकवणं जमत नाही, पण आता घावनांपासून आमसुलाच्या सारापर्यंत सगळ्या कृती ती बोलून लिहिते. विरामचिन्हं नसतात, मध्येच कुकरची शिट्टी आणि ‘अगो दार लाव’ असतं. कळतं सगळं.

६. खातं कुणाचं, हे त्या माणसाच्या हयातीत विचारा

आत्याचे यजमान गेले तेव्हा त्यांचा फोन कुलूपबंद होता. प्रवासातले फोटो आत होते, ते अजूनही आतच आहेत. आम्ही बरीच खटपट केली, एवढंच सांगते.

तेव्हापासून प्रत्येक घरात एक वही ठेवायला लावते: वायफाय, ईमेल, टीव्हीचं खातं, कोणत्या मोबाइलवर ओटीपी येतो. पासवर्ड कागदावर लिहू नये म्हणतात. पण सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा वेगवेगळे ठेवून ते कपाटातल्या वहीत लिहिलेले बरे. बँकेचा पिन तेवढा लिहू नका. गूगल खात्यात ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातला मजकूर मिळण्याची सोय त्यात करता येते. अगदीच विसरलं आणि खातं दोन वर्षं पडून राहिलं, तर गूगल ते काढूनही टाकू शकतं.

७. कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधू नका

वर येणारा नंबर भामट्याचा असू शकतो. वॉरंटी कार्डावरचा किंवा बिलावरचा घ्या. ‘हे ॲप टाका, मला तुमचा स्क्रीन दिसू द्या’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. उशीर झाला की पैसे पुढे सरकतात.

८. बिलाचा फोटो त्याच दिवशी काढा

थर्मल कागदावरची अक्षरं वॉरंटी संपायच्या आत उडतात.

९. जुना फोन कामवाल्या मावशींच्या मुलीला अभ्यासाला देताना

आधी आपलं गूगल खातं त्यातून काढा, मग सेटिंगमध्ये जाऊन रीसेट करा. खातं न काढता भलत्याच मार्गाने रीसेट केलात, तर तो फोन तिच्या हातात गेल्यावरही तुमचाच पासवर्ड मागत बसेल. बॅटरी फुगलेली असेल तर तो फोन कुणालाच देऊ नका, भंगारातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर न्या. आणि देण्याआधी सिमच्या खाचेत मेमरी कार्ड राहिलं नाही ना, तेवढं बघा.