तान्ह्या मुलांचे जुलाब व शिक्षकांचे कार्य

वर्गातील पुष्कळ मुलेमुली घरी धाकट्या भावंडास सांभाळतात. म्हणून तान्ह्या मुलांच्या जुलाबांविषयीचे ज्ञान घरोघर पोहोचविणे शिक्षकांस सहज शक्य आहे.

केवळ अंगावर पिणाऱ्या मुलास दिवसातून अनेकदा पिवळसर, मऊ शौच होते. मूल खेळकर असून वजन वाढत असल्यास तो आजार नव्हे. नेहमीहून पातळ, पाण्यासारखे शौच वारंवार होऊ लागले, म्हणजे जुलाब समजावेत. ‘दात येताना जुलाब व्हावयाचेच’ ही समजूत घातक आहे. अस्वच्छ पाणी, दुधाची बाटली, माश्या व न धुतलेले हात यांच्यावाटे पोटात जाणारे जंतू हेच बहुधा त्यांचे कारण असते.

जुलाबात मूल दगावते, ते मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. अशा वेळी दूध-पाणी तोडणे म्हणजे सुकत्या रोपाचे पाणी बंद करणे होय. मीठ व साखर योग्य प्रमाणात एकत्र दिल्यास आतडे ती शोषून घेते आणि त्यांच्याबरोबर पाणीही रक्तात जाते. १९७१ साली पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली व शिरेतून द्यावयाचे सलाईन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी रोग्यांस पाजविले. मृत्यूंचे प्रमाण शेकडा सुमारे ३० वरून ४ च्या खाली आले.

पालकांस पुढील गोष्टी सांगाव्यात :

१. अंगावरचे दूध चालूच ठेवावे.

२. आशाताईंकडील क्षार-संजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाइतक्या स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे. प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर पाणी चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा द्यावे. २४ तासांनंतर उरलेले पाणी टाकून द्यावे.

३. आरोग्यसेविकेने दिलेल्या जस्ताच्या गोळ्या जुलाब थांबले तरी १४ दिवस पुऱ्या कराव्यात.

४. डोळे वा टाळू खोल जाणे, चिमटीत धरलेली कातडी सावकाश पूर्ववत होणे, सुस्ती, पिणे बंद होणे, शौचात रक्त यांपैकी एकही लक्षण दिसताच मुलास दवाखान्यात न्यावे. दोन महिन्यांखालील मुलाविषयी तर मुळीच वाट पाहू नये.

मापनाच्या पाठात विद्यार्थ्यांकडून एक लिटर पाणी मोजवून हे द्रावण करून घ्यावे. वर्गात हाताने केलेली कृती मुले घरी विसरत नाहीत, आणि एखादे वेळी त्या एका लिटरवरच धाकट्या भावंडाचे प्राण अवलंबून असतात.