क्लचप्लेट बदलण्याआधी दोष पक्का करा
रेसट्रॅकवर धावणाऱ्या स्पोर्ट्स कारवरून घेण्यासारखा धडा

गिअरबॉक्स खाली उतरवणे हे दिवसभराचे काम आहे. ते विनाकारण केले तर कारागिराची मेहनत वाया जाते, गिऱ्हाइकाचा पैसा जातो आणि दुकानाच्या नावाला बट्टा लागतो. हौशी लोकांच्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तर हा धोका अधिक असतो. असा मालक जाणकार असतो आणि आपला अनुभव दहा जणांना सांगतो. आखातात गॅरेजचे काम करणारे आपले अनेक कारागीर आहेत. दुबईला २००४ साली रेसट्रॅक सुरू झाला, आपल्याकडे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून आहे. तेव्हा हे काम समजून घेणे फायद्याचे ठरेल.

उदाहरणासाठी आपण माझदा कंपनीची एमएक्स-५ ही गाडी घेऊ. अमेरिकेत ती मियाटा नावाने ओळखली जाते. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम दाखवली गेली आणि २०१६ साली दहा लाखावी गाडी तयार झाली. इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, अशी तिची साधी रचना आहे. त्यामुळे तिच्यावर शिकलेले काम मागच्या चाकांवर चालणाऱ्या इतर गाड्यांनाही बरेचसे लागू पडते.

ट्रॅकवर क्लच लवकर का झिजतो?

शहरात क्लचवर इंजिनाचा पूर्ण जोर क्वचितच येतो. ट्रॅकवर मात्र प्रत्येक फेरीत, गरम इंजिनावर, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन गिअर बदलले जातात. टायरची पकड चांगली असल्याने चाक घसरत नाही, मग सारा ताण क्लचवर येतो. उष्णतेने प्लेटची पकड आणखी कमी होते. म्हणूनच बाजारात फिरताना ठीक वाटणारी गाडी ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर घसरू लागते. मालक अशी तक्रार घेऊन आला तर ‘गाडी तर बरी चालते’ म्हणून त्याला परत पाठवू नका.

दोष कसा ओळखावा?

१) इंजिन गरम करून मोकळ्या रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये सुमारे २००० आरपीएमवर आणा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपाट्याने चढला पण वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. जळका वास आला तर शंकाच नको.

२) पेडलला थोडा मोकळा खेळ आहे की नाही ते पाहा. खेळच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत दाबलेले राहते आणि चांगली प्लेटही घसरते. अशा वेळी आधी पेडल जुळवून पुन्हा चाचणी घ्या.

३) इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, पण चालू असताना करकर करतो, तर क्लच पूर्ण सुटत नाही. हा दोष बहुधा प्लेटचा नसून हायड्रॉलिकचा असतो. टाकीतील ऑइल पाहा, स्लेव्ह सिलिंडरचे रबर उचलून ओल आहे का ते तपासा. या गाडीत स्लेव्ह सिलिंडर गळण्याची तक्रार नेहमीची आहे. तो दोन बोल्टवर बाहेरून बसवलेला असतो, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

४) पेडल दाबल्यावर आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंगवर संशय घ्या. पेडल सोडलेले असताना न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग पाहावे.

उतरवताना

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. गाडी चारही बाजूंनी मजबूत स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये. गिअर ऑइल काढा, आतून गिअर लिव्हर सोडा, सायलेन्सरचा पुढचा पाइप काढा. प्रोपेलर शाफ्ट काढण्याआधी फ्लँजवर खूण करा. स्लेव्ह सिलिंडर पाइपासह बाजूला बांधून ठेवा. त्यानंतर कोणी पेडल दाबले तर पिस्टन बाहेर पडेल. या गाडीत गिअरबॉक्स व डिफरन्शिअल यांना जोडणारी एक लांब चौकट असते. ती सोडण्यापूर्वी गिअरबॉक्सला खालून आधार द्या. मग गिअरबॉक्स सरळ मागे ओढा. इनपुट शाफ्टवर तो लोंबकळू देऊ नका.

घराच्या आतील काळी धूळ हवेच्या नळीने उडवू नका. जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा व तोंडावर योग्य मास्क ठेवा.

काय तपासावे?

प्लेटचे अस्तर रिव्हेटच्या वर ०.३ मिलिमीटरपेक्षा कमी उरले असेल तर ती बाद समजावी. प्लेट तेलकट असेल तर क्रँकचे मागचे सील आणि गिअरबॉक्सचे पुढचे सील पाहा. गळणारे सील तसेच ठेवून नवी प्लेट बसवणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे होय. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर ते लेथवर साफ करून घ्यावे, तडा असेल तर बदलावे. रिलीज बेअरिंग व फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग प्लेटबरोबरच बदलावे. थोड्या पैशाच्या बेअरिंगसाठी तेच काम दुसऱ्यांदा करणे परवडत नाही.

बसवताना

नव्या प्रेशर प्लेटवरील संरक्षक तेल व हाताचे ग्रीस पूर्ण पुसा. स्प्लाइनवर ग्रीस अगदी थोडे लावा. प्लेटची बाजू तपासून सेंटरिंग टूलने ती मधोमध धरा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. या गाडीला १८ ते २६ न्यूटन-मीटर, तर फ्लायव्हीलच्या बोल्टना ९६ ते १०३ न्यूटन-मीटर जोर लागतो. गिअरबॉक्स शेवटपर्यंत हाताने सरकला पाहिजे. अडला तर बोल्टने ओढू नका, प्लेट मधोमध नाही असे समजा.

मूळ इंजिनाला चांगल्या दर्जाची साधी प्लेट पुरते. पहिल्या १.६ लिटर गाड्यांची प्लेट २०० मिलिमीटर, नंतरच्या १.८ लिटरची २१५ मिलिमीटर होती. जास्त पकड हवी असेल तर पुष्कळजण १.८ चा क्लच त्याच्या फ्लायव्हीलसह बसवतात. धातूच्या तुकड्यांची रेसिंग प्लेट शहरात गाडीला झटके देते, हे मालकाला आधीच सांगावे.

व्यवहाराची बाजू

चाचणीत काय आढळले ते जॉबकार्डवर लिहा. सील किंवा फ्लायव्हीलचा खर्च निघू शकतो हे गिअरबॉक्स उतरवण्याआधीच सांगा, म्हणजे बिलाच्या वेळी वाद होत नाही. जुनी प्लेट मालकाच्या हातात द्या. पहिले ५०० ते ८०० किलोमीटर गाडी शहरातच सबुरीने चालवावी, त्याआधी ट्रॅकवर नेऊ नये, हेही लिहून द्या. ज्याचे काम स्लेव्ह सिलिंडरवर भागते त्याला क्लचचे बिल न लावणारा कारागीर एका दिवसाची कमाई सोडतो खरा, पण तो मालक पुढची दहा कामे त्याच्याकडेच घेऊन येतो.