आपत्कालीन पिशवीतील वस्तूंना रानातील पर्याय

ठाण्याची वागळे इस्टेट ही १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत होय. नायलॉनची दोरी, मेणकापड, काडेपेटी, साबण या वस्तू तेथे हाकेच्या अंतरावर मिळतात. परंतु तिच्या पाठीशी असलेल्या येऊरच्या डोंगरात पावसाळ्यात ओढ्यास पूर आला, म्हणजे हेच अंतर दुर्लंघ्य होते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहरातही लोक जागच्या जागी अडकून पडले. अशा प्रसंगी पिशवीतील कोणत्या वस्तूची उणीव रानातून भरून निघते व कोणत्या वस्तूची निघत नाही, हे शेतकऱ्यास आधीच ठाऊक असले पाहिजे.

दोरीची उणीव सहज भरून निघते. केवण, म्हणजेच जिला मुरुडशेंग येते ते झुडूप, या कामी उत्तम. तिच्या सरळ, कोवळ्या फोकांची साल लांब पट्ट्यांनी सुटते व कूड किंवा भारा बांधण्यास तशीच वापरता येते. टिकाऊ दोरी हवी असल्यास साल पाण्यात कुजवून, धुऊन वाख काढावा. दोन पदरांस एकाच दिशेने पीळ द्यावा आणि ते एकमेकांवर उलट दिशेने वळावेत, म्हणजे पीळ सुटत नाही. पळसाच्या मुळांचा वाखही चिवट असतो. मात्र माणसाचा भार अशा दोरीवर टाकू नये. तसेच येऊरचे रान राष्ट्रीय उद्यानात मोडते. तेथील झाडेझुडपे तोडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. यास्तव केवण आपल्या बांधावरच लावावी.

मेणकापडाऐवजी बांबूच्या कामट्या व पळसाची पाने यांचे इरले आहेच. किंबहुना लावणीच्या कामास इरलेच अधिक सोयीचे, कारण ते वाकलेल्या पाठीवर बसते व दोन्ही हात मोकळे राहतात. साबणाचे काम रिठ्याने भागते. फेस डोळ्यांत जाऊ देऊ नये.

काडेपेटी भिजली तर गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि सावरीचा कापूस यांवर विस्तव पाडता येतो. हा कापूस उन्हाळ्यात बोंडे उकलताच गोळा करून बांबूच्या नळीत बूच लावून ठेवावा. पावसात शोधू गेल्यास तो मिळणार नाही.

पाण्याच्या बाबतीत सावधगिरी हवी. निवळीचे बी भांड्याच्या आतील अंगास उगाळले असता गाळ खाली बसतो. शेवग्याच्या बियांची पूडही हेच कार्य करते. तथापि स्वच्छ दिसणारे पाणी निर्जंतुक असतेच असे नाही. निवळलेले पाणी खळखळून उकळल्यावाचून पिऊ नये.

सर्पदंशावर तर रानात पर्यायच नाही. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर प्रतिविष लस हाच उपाय असून ती रुग्णालयातच दिली जाते. मुळी उगाळण्यात वेळ दवडू नये, जखम कापू अथवा चोखू नये. दोरी आवळूनही बांधू नये. तिने रक्तप्रवाह थांबून अवयव निकामी होण्याचा संभव असतो. दंश झालेला हात वा पाय बांबूच्या कामट्यांचा आधार देऊन स्थिर ठेवावा, रुग्णास चालू न देता डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.