भायखळा-माझगाव : वारसा ओळखावा कसा?

'वारसा' हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे गडकिल्ले, लेणी आणि देवळे उभी राहतात. राहत्या वस्तीलाही वारसा असतो, ही कल्पना आपल्याकडे त्यामानाने नवी आहे. मुंबईपुरते बोलायचे, तर २०१८ साली फोर्ट व मरीन ड्राइव्ह परिसरातील इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. त्याच बोरीबंदरहून उत्तरेकडे निघालेली गाडी तिसऱ्या स्थानकावर थांबते, ते भायखळा. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून भायखळा आणि शेजारचे माझगाव मी वही घेऊन पायी हिंडलो. त्या हिंडण्यातून जो प्रश्न मनात उभा राहिला, तो येथे मांडण्याचा विचार आहे.

मुंबईत वारसा जतनाची नियमावली १९९५ साली लागू झाली. तीत वास्तूंच्या तीन श्रेणी केल्या आहेत आणि काही संपूर्ण परिसरांनाही संरक्षण दिले आहे. ही व्यवस्था मोलाची आहे. पण यादी पाहताना आपण बहुधा एकच प्रश्न विचारतो : ही वास्तू कोणी व केव्हा बांधली? माझ्या मते आणखी दोन प्रश्न विचारावयास हवेत. ती कोणी वापरली? आणि आज ती कोणाच्या उपयोगी पडते?

राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाचेच उदाहरण घेऊ. १८७२ साली ते लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याला व्हिक्टोरिया राणी आणि तिचा पती अल्बर्ट यांचे नाव होते. परंतु त्याच्या उभारणीत डॉ. बर्डवुड यांच्याबरोबरीने गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड झटले होते. नाना शंकरशेट यांचा या कामाला पाठिंबा होता आणि बागेतील घड्याळाचा मनोरा बगदादी ज्यू व्यापारी डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभा राहिला. १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले. एका वास्तूमागे किती समाजांचे हात असतात, हे येथे दिसते.

आता दुसरे उदाहरण. डेव्हिड ससून यांनीच भायखळ्यात 'मागेन डेव्हिड' हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर बांधविले. इस्रायलच्या स्थापनेनंतर मुंबईतील बहुतेक ज्यू कुटुंबे परदेशी गेली. प्रार्थनामंदिर मात्र उभे आहे आणि त्याच्या आवारात ससून घराण्याच्या नावाच्या शाळा भरतात. त्या शाळांतील बहुसंख्य मुले आज मुसलमान आहेत. प्रार्थनामंदिराच्या सावलीत मधल्या सुट्टीचा गलबला चाललेला असतो. 'कोणी बांधली' एवढेच विचारले तर ही एका गेलेल्या समाजाची खूण ठरते. तिसरा प्रश्न विचारला तर ती चालती-बोलती संस्था ठरते. येथून जवळच आग्रीपाड्यात मराठी मातृभाषा असलेल्या बेने इस्रायल ज्यूंचे निराळे प्रार्थनामंदिर आहे, हेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

माझगावात हाच अनुभव निराळ्या रीतीने येतो. तेथील ग्लोरिया चर्च १६३२ सालचे. १९११ साली रेल्वेच्या कामासाठी ते पाडले गेले आणि १९१३ साली भायखळ्यात नवे चर्च झाले. म्हणजे दगड बदलले, जागा बदलली, तरी भाविकांनी परंपरा चालू ठेवली. माथारपाखाडी ही ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची जुनी वाडी अजूनही आपली कौलारू घरे सांभाळून आहे. लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी जोसेफ ऊर्फ काका बॅप्टिस्टा हे माझगावचेच. भंडारवाड्याच्या टेकडीवर, जेथे एके काळी किल्ला होता, तेथील उद्यानाला त्यांचे नाव आहे. जवळच हसनाबादेत खोजा समाजाचे धर्मगुरू पहिले आगाखान यांची कबर आहे आणि गोदीच्या बाजूला चिनी खलाशांसाठी १९१९ साली बांधलेले देऊळ आहे. बंदर आणि रेल्वे यांनी ही सारी माणसे येथे आणून वसविली.

परंतु ज्यांनी स्वतःच्या नावाने एकही वास्तू बांधली नाही, त्यांचे काय? गोव्याचे खलाशी ज्या 'कुडीं'त गावबंधूंसह राहत, ती जागा बहुधा भाड्याची असे. कोकणातून व घाटावरून आलेले गिरणी कामगार गाववाल्यांच्या गाळ्यात पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. त्यांच्या श्रमांवर हे शहर उभे राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि ते जगही विरत चालले. कोणत्याही श्रेणीत ही खोली बसत नाही, कारण तिला कमान नाही की घुमट नाही. राणीबागेजवळील महापालिकेच्या नाट्यगृहाला अण्णाभाऊ साठे यांचे नाव देण्यात आले, ही त्या कष्टकरी जगाची एक ठळक खूण होय.

यावर कोणी म्हणेल, मग लोकांनी मोडक्या चाळीतच राहावे काय? मुळीच नाही. भाडे-नियंत्रणामुळे मालक दुरुस्ती करीत नाहीत, जिने खचतात, पावसाळ्यात जीव मुठीत धरून राहावे लागते. अशा कुटुंबांना पक्के घर मिळालेच पाहिजे. माझे म्हणणे इतकेच, की इमारत पाडण्यापूर्वी तेथे कोण राहिले, कोणत्या भाषा बोलल्या गेल्या, कोणते सण कोणी मिळून साजरे केले, याची नोंद व्हावी. आज पुनर्बांधणीत खोलीचे क्षेत्रफळ मोजले जाते. पण सामाईक गॅलरी, अंगणातला क्रूस आणि नाक्यावरचा इराणी यांचे माप कोणी घेत नाही. नव्या आराखड्यात शेजार कसा टिकेल, हे कोणी विचारीत नाही.

हे काम केवळ सरकारने किंवा तज्ज्ञांनी करावे असे नाही. आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास व मराठी विभागांनी दर वर्षी एक गल्ली निवडावी. विद्यार्थ्यांनी तिचा नकाशा काढावा, वृद्धांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत टिपून घ्याव्यात आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. त्याला फारसा खर्च नाही. मात्र दिरंगाई परवडणारी नाही. कारण ज्यांना विचारायचे, ती माणसे आता थकली आहेत.