लिप रीडिंगच्या एआयमध्ये ‘स्कोप’ आहे का?

आवाज बंद केलेला व्हिडिओ द्यायचा आणि त्यातला माणूस काय बोलतो आहे, ते संगणकाने लिहून दाखवायचं. यूट्यूबवर असं काही पाहिलं की बारावीतली मुलगी जाहीर करते, ‘मला हेच करायचंय’. आई-बाबांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: यात स्कोप आहे का? स्कोप आहे, पण ज्या नावाने तो शोधला जातो त्या नावाने तो सापडत नाही.

आधी काम समजून घेऊ. संगणक व्हिडिओतला चेहरा शोधतो, त्यातला तोंडाचा भाग कापून घेतो आणि सेकंदाला साधारण 25 चित्रं, अशा मालिकेतून ओठांची हालचाल टिपतो. अडचण पुढे सुरू होते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आपण शाळेच्या व्याकरणात शिकलो. आरशासमोर आवाज न काढता ‘पान’, ‘भान’, ‘मान’ म्हणून पाहा. तिन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. क, ख, ग तर घशाकडेच उरकतात, ओठांना त्यांचा पत्ताही लागत नाही. म्हणजे नुसत्या चित्रातून उत्तर मिळत नाही. ‘विड्याचं’ या शब्दानंतर ‘मान’ येण्यापेक्षा ‘पान’ येण्याची शक्यता जास्त, हे भाषेचं गणित मॉडेलला यावं लागतं. या क्षेत्रात व्हिडिओइतकीच भाषा आणि संभाव्यता महत्त्वाची आहे, ती अशी.

आता आकड्यांकडे या, कारण करिअरचा खरा धडा तिथेच आहे. अमेरिकेत एरिक पेटाजान यांनी 1984 मध्ये या विषयावर पीएचडी केली. म्हणजे विषय कालपरवाचा नाही. 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ‘लिपनेट’ हे मॉडेल मांडलं आणि 95.2 टक्के अचूकतेची बातमी झाली. ऐकायला झकास. पण ज्या संचावर ती चाचणी झाली त्यात 34 माणसं, एकूण 51 शब्द आणि प्रत्येक वाक्य सहा शब्दांच्या एकाच साच्यातलं होतं. शिवाय चाचणीतल्या माणसांची दुसरी वाक्यं मॉडेलने शिकताना आधीच पाहिलेली होती. त्याच सुमारास ऑक्सफर्ड आणि गुगल डीपमाइंडच्या दुसऱ्या गटाने बीबीसीच्या कार्यक्रमांतली एक लाखाहून अधिक खरीखुरी वाक्यं घेतली. तिथे निम्म्याच्या आसपासच शब्द बरोबर आले. तरी हे काम मोठं मानलं गेलं, कारण त्याच व्हिडिओंवर व्यावसायिक लिप रीडरला त्याहून बरेच कमी शब्द ओळखता आले होते.

तेव्हा 95 टक्के म्हटलं की विचारायचं: कशावर? किती लोकांवर? ओळखीच्या की अनोळखी? हाच प्रश्न ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ छापणाऱ्या कॉलेजच्या माहितीपत्रकालाही विचारा. शंभर टक्के कोणाचे? वर्गातल्या सगळ्यांचे, की कॉलेजने आधीच चाळून ‘पात्र’ ठरवलेल्यांचे? माझ्या मते हा प्रश्न विचारायला शिकलेला विद्यार्थी अर्धा डेटा सायंटिस्ट झालेला असतो.

‘लिप रीडर एआय इंजिनिअर’ अशी नोकरीची जाहिरात क्वचितच दिसेल. काम वेगळ्या नावांनी चालतं: गोंगाटात बोलणं ओळखणारी प्रणाली, डबिंग, डीपफेक पकडणं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतून 2020 मध्ये आलेलं ‘वाव्ह-टू-लिप’ उलटं काम करतं. ते दिलेल्या आवाजाप्रमाणे चेहऱ्याचे ओठ हलवतं. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टच्या ‘लिओपा’ या कंपनीने गळ्यातून श्वासनळीत नळी बसवल्यामुळे आवाज गेलेल्या रुग्णांसाठी ‘स्रावी’ हे अ‍ॅप बनवलं. ते सगळी भाषा ओळखायला गेलं नाही. रुग्णाला लागणारी ठरावीक वाक्यं तेवढी ओळखायची, एवढीच त्याची मर्यादा ठेवली होती. मला हे उदाहरण बीबीसीच्या प्रयोगापेक्षाही शिकण्यासारखं वाटतं.

मग शिकायचं काय? कॉम्प्युटर इंजिनिअरिंग हा सरळ रस्ता, पण एकमेव नाही. गणित किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी करून पुढे मशीन लर्निंगकडे येणाऱ्यांचा पाया अनेकदा जास्त पक्का असतो. जेईई हुकली म्हणून घर डोक्यावर घेऊ नका. आयआयटी मद्रासचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बीएस अभ्यासक्रम जेईईशिवाय, त्यांच्या पात्रता परीक्षेतून करता येतो. ज्यांना माणसांबरोबर काम आवडतं त्यांनी वाक् आणि श्रवण विषयातली बीएएसएलपी ही पदवी पाहावी. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आणि म्हैसूरला आयश या त्यातल्या जुन्या संस्था आहेत. भाषेची ओढ असेल तर पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान आहे. कर्णबधिरांच्या गरजा ओळखणारा माणूस टीममध्ये नसेल, तर इंजिनिअर कोणाला न लागणारं यंत्र बनवून बसतात.

आवड खरी आहे का, हे फी भरण्याआधी घरीच तपासता येतं. पायथन शिका, गुगल कोलॅबवर ग्राफिक्स कार्ड मर्यादेत फुकट मिळतं, आणि घरातल्या चार जणांकडून दहा मराठी शब्द वेगवेगळ्या उजेडात रेकॉर्ड करून घ्या. तीन जणांवर मॉडेल शिकवा, चौथ्यावर तपासा. निकाल बहुधा लाजिरवाणा येईल. तरीही ‘का आला’ हे शोधत बसावंसं वाटलं, तर क्षेत्र तुमचं आहे. इंग्रजी-चिनीच्या मानाने भारतीय भाषांमध्ये असे व्हिडिओ संच फार कमी आहेत, त्यामुळे इथे कामाला जागा आहे. मात्र कोणाचाही चेहरा न विचारता रेकॉर्ड करायचा नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे शाळेत प्रकल्प करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

पालकांना एकच विनंती. नावात ‘एआय’ असलेल्या कोर्सचे पैसे भरण्यापूर्वी पहिल्या दोन वर्षांचा अभ्यासक्रम मागून घ्या. त्यात लिनिअर अल्जेब्रा आणि प्रॉबॅबिलिटी नीट शिकवलेली नसेल, तर तो कोर्स घेऊ नका.